तिची गिटार ऐकू का आली नाही

परवा रात्री जेवण झाल्यावर मोबाईल घेऊन बसलो, तर आपल्याच साताऱ्यातल्या एका कार्यक्रमाचा व्हिडिओ समोर आला. कॉलेजच्या पोरांचा रॉक बँड. गाणारी मुलगी वीस-एकवीस वर्षांची. सहा गाणी ती माइक हातात घेऊन, स्टेजभर फिरत गायली. सातव्या गाण्याला तिनं गिटार गळ्यात घातली. त्या एका गाण्यापुरतीच. आणि खाली कमेंटचा पाऊस. "फोटोसाठी घेतलीय." "तीन कॉर्ड येतात आणि शायनिंग बघा." "मागं गिटारवाला उभा आहे की, हिला काय गरज?" "ऐकू तरी येतीय का?"

लिहिणारे निम्मे ओळखीचे निघाले. त्यातले दोघं स्वतः वाजवणारे आहेत, म्हणून जास्त लागलं.

मी त्या कार्यक्रमाला होतो. कडेला, साउंडच्या टेबलाला अगदी चिकटून बसलो होतो, त्यामुळे काय झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. तिनं गिटार घेतली, वायर लावली, पट्टा खांद्यावर नीट केला. आणि तिनं पहिली कॉर्ड (एकदम छेडलेले तीन-चार सूर) वाजवायच्या आत साउंडवाल्यानं तिच्या चॅनलचा फेडर, म्हणजे तिच्या गिटारचा आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी, एका बोटानं तळापर्यंत खाली ओढला. तिच्याकडं न बघता. पंखा बंद करावा तसा. गाणं संपेपर्यंत तो फेडर तिथंच होता. तिच्या शेजारच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे कलाकारासाठी स्टेजवरच ठेवलेल्या स्पीकरमध्ये, तिला स्वतःची गिटार ऐकू येत असावी, कारण ती मनापासून वाजवत होती. हॉलमध्ये मात्र तिचा एक ठोका पोचला नाही.

तेव्हा "ऐकू तरी येतीय का" असं लिहिणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की ती ऐकू येऊ दिलीच नव्हती.

मला हे एवढं का झोंबलं तेही सांगतो. २००३ साली मी एका ऑर्केस्ट्रात गायचो. गणपतीचे दहा दिवस म्हणजे आज कोरेगाव, उद्या रहिमतपूर, परवा वाई. एका गाण्याला मी गिटार घ्यायचो. फार येत नव्हती, पण ते गाणं मी घरी गिटारवरच बसवलं होतं आणि गिटारशिवाय ते माझ्या तोंडात नीट बसायचं नाही. दहा रात्री बोटांची सालं निघेपर्यंत वाजवलं. विसर्जन झाल्यावर एका मित्रानं कॅसेट आणून दिली, टेबलावरून थेट भरलेली. घरी सगळ्यांना बसवून लावली. ढोलकी होती, ऑक्टोपॅड होता, कीबोर्ड होता, माझा आवाज होता. गिटार नव्हती. पुन्हा लावली, कान टेपला लावून ऐकली. नव्हतीच. आमच्या साउंडवाल्याला विचारलं तर तो अगदी सरळपणे म्हणाला, "दादा, गायकानं गायचं. मिक्समध्ये कचरा कशाला?" दहाही रात्री मी मुक्या वाद्यावर हात चालवत होतो, आणि मला सोडून सगळ्यांना ते माहीत होतं. त्यानंतर कित्येक वर्षं मी स्टेजवर गिटारला हात लावला नाही.

आता मुद्द्यावर येतो. गाणाऱ्यानं अधूनमधून गिटार घ्यावी का? मला विचाराल तर घ्यावी. चार कॉर्ड येत असल्या तरी घ्यावी. आणि ती वाजताना ऐकूही यावी.

माझा पुरावा लांबचा नाही, आपल्याच जिल्ह्यातल्या शाळेत शिकलेला आहे. फ्रेडी मर्क्युरी, इंग्लंडच्या 'क्वीन' या रॉक बँडचा गायक. फारुख बलसारा हे त्याचं खरं नाव, जन्म १९४६ चा, झांजिबारचा, आईवडील पारशी. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला पाचगणीला सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. पसरणीचा घाट चढून आपण टेबललँडवर घोड्यावर बसायला जातो ना, तीच पाचगणी. तिथं तो पियानो शिकला, तिथंच शाळकरी मित्रांबरोबर त्यानं 'द हेक्टिक्स' नावाचा बँड केला. त्या बँडमध्ये तो पियानोवर असायचा, पुढं उभा राहून गाणारा मुलगा दुसरा होता. पुढं ज्याच्या आवाजानं अख्खी स्टेडियम हलली, तो पाचगणीत वाद्यामागं बसलेला होता. आमची चौथीची सहल पाचगणीला गेली होती, पण तेव्हा हे कुणी सांगितलं नाही. मला ते कळायला कॉलेज उजाडावं लागलं.

क्वीन बँडमध्ये फ्रेडी गायचा आणि पियानो वाजवायचा. गिटार हे त्याचं वाद्य नव्हतं, आणि शेजारी उभा होता बँडचा गिटारवाला ब्रायन मे. या माणसानं पोरवयात वडिलांबरोबर घरीच गिटार बनवली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून, आणि तारा छेडायच्या पिकऐवजी सहा पेन्सच्या जुन्या नाण्यानं तो ती वाजवत आला. अशा माणसाच्या बाजूला उभं राहून गायकानं गिटार गळ्यात घालायची म्हणजे कमेंटवाल्यांच्या हिशेबानं केवढी शायनिंग!

पण फ्रेडीनं ती घातली. १९७९ मध्ये म्युनिकला हॉटेलात अंघोळीच्या टबमध्ये असताना त्याला 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' सुचलं. पाच-दहा मिनिटांत गाणं तयार. ते त्यानं पियानोवर रचलं नाही, गिटारवर रचलं. ब्रायन स्टुडिओत यायच्या आत फ्रेडी, ड्रमवाला रॉजर टेलर आणि बेसवाला जॉन डीकन यांनी गाण्याचा सांगाडा रेकॉर्डसुद्धा करून टाकला. रेकॉर्डवरची अकूस्टिक रिदम गिटार, म्हणजे कॉर्डचा ठेका धरणारी, फ्रेडीची आहे. १९८० मध्ये हे गाणं अमेरिकेत चार आठवडे पहिल्या नंबरवर होतं, तिथलं क्वीनचं पहिलंच नंबर एकचं गाणं. आणि १९८१ च्या एका मुलाखतीत फ्रेडीनं स्वतःच सांगितलंय, की मला गिटार धड येत नाही, मोजक्याच कॉर्ड माहीत होत्या आणि त्या मर्यादेचा या गाण्याला फायदाच झाला.

हे वाक्य मी माझ्याकडं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ज्याला शंभर कॉर्ड येतात तो शंभर ठिकाणी हात घालतो. ज्याला सहा येतात त्याला त्या सहांतच घर बांधायचं असतं, मग भिंती सरळ येतात.

गाणं हातात घेऊन बघा. सुरुवातीला डी कॉर्ड. ती धरून करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे दांड्यावरच्या तिसऱ्या पट्टीच्या घरात ठेवायची, उचलायची, पुन्हा ठेवायची. संपूर्ण सुरुवात एवढीच. करंगळी ठेवली की सूर जरा ताणतो, उचलली की घरी येतो. ठेका चार मात्रांचा, पण प्रत्येक मात्रेच्या पोटात दादऱ्यासारखे तीन, त्यामुळे गाणं लंगडत, डुलत चालतं. पुढं जी, सी, आणि कडव्याच्या शेवटी बी फ्लॅट. नवशिक्याला बी फ्लॅट म्हणजे घाटातलं वळण. पहिलं बोट आडवं दाबायचं, बाकीची सांभाळायची, आणि नेमकं तेव्हाच तोंडानं ओळ पुरी करायची असते.

गाताना वाजवणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं नाही त्यांना सहज कळणार नाही. उजवा हात लंबकासारखा चालला पाहिजे, आणि गळा मात्र त्या ठेक्याच्या किंचित मागं रेंगाळला पाहिजे, नाहीतर गाणं कवायत होतं. पट्ट्याचं वजन खांद्यावर, लाकूड पोटाला टेकलेलं, म्हणजे श्वास घेताना गिटार पण हलते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हात अडकतात. फ्रेडीचं स्टेजवरचं रूप डोळ्यांसमोर आणा. हातात माइकचा तो अर्धा दांडा, स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणं. सुरुवातीच्या काळात एका कार्यक्रमात स्टँड मोडलं आणि तो अर्धा दांडाच त्यानं कायमचा धरला. गिटार घेतली की तो दांडा गेला. दोन्ही हात तारांवर म्हणजे गायला उभ्या स्टँडपाशी यावंच लागतं. एवढ्या मोठ्या गायकानं आपलं हुकमी शस्त्र बाजूला ठेवून, जे वाद्य कमी येतं ते घेऊन एका जागी उभं राहायचं, याला मी तरी शायनिंग म्हणणार नाही.

१३ जुलै १९८५ चा, लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या कार्यक्रमाचा व्हिडिओ बघा. लंडनचं वेम्बली स्टेडियम, समोर बहात्तर हजार माणसं. क्वीनला वीसेक मिनिटं मिळालेली. सुरुवातीला फ्रेडी पियानोवर बसतो. मग उठून धावतो, सगळ्या स्टेडियमकडून आलाप म्हणून घेतो. आणि मग गळ्यात टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार येते आणि हेच गाणं सुरू होतं. त्याच्या मनगटाकडं बघा. वर-खाली, वर-खाली, कुठंही घाई नाही. त्याच्या शेजारी जगातल्या उत्तम गिटारवाल्यांपैकी एक उभा आहे आणि तरीही फ्रेडीची ती साधी रिदम गाण्याच्या बुडाशी आहे. रोलिंग स्टोन्सचा गायक मिक जॅगरसुद्धा काही गाण्यांना गिटार घेतो. तिकडं याचं कुणाला नवल वाटत नाही.

आणि आपल्याला का वाटावं? आपल्याकडं तर गाणारा रिकाम्या हातानं उभा राहिला की चुकल्यासारखं वाटायचं. शाहीर डफ घेऊनच पोवाड्याला उभा राहतो. मागचा झीलकरी तुणतुणं वाजवत जी जी रं जी म्हणतो. तुणतुण्याला तार एक. त्याला कुणी विचारलं का कधी, की बाबा तुला किती राग वाजवता येतात? वारीत वीणेकऱ्याच्या गळ्यात वीणा असते. तो काही वीणावादनाचा कार्यक्रम करत नाही, सूर धरून चालतो. भजनात गाणाऱ्याच्या हातात टाळ असतात. औंधच्या संगीत महोत्सवात मी कितीदा बघितलंय, ख्याल गाणारा मांडीवर स्वरमंडल घेऊन बसतो, बोट फिरवतो आणि त्या झंकारात पुढचा सूर शोधतो. किशोरीताई आमोणकरांच्या मांडीवर स्वरमंडल असायचं, पंडित जसराजांच्या असायचं. ते बंद करा, गायकानं नुसतं गायचं, असं म्हणायची कुणाची छाती झाली असती का? त्याच औंधच्या मातीशी नातं असलेले गजाननबुवा जोशी गायकही मोठे आणि व्हायोलिनवादकही मोठे. ती गोष्ट वेगळी, तेवढी तयारी लाखात एखाद्याची. पण गाण्याला टेकू म्हणून हातात घेतलेलं वाद्य आणि वादनाच्या मैफिलीचं वाद्य यांतला फरक आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या कळत आलाय. गिटार दिसली की मात्र तो कळेनासा होतो.

एक मान्य करतो. वायर न लावता, तारांना हात न लावता, नुसती गळ्यात अडकवून नाचणारे आहेत. ते मलाही पटत नाही. लोकांचा संशय तिथूनच आलाय. पण त्याची शिक्षा खरं वाजवणाऱ्या पोरीला का?

साउंडवाल्या भावांना माझं हात जोडून सांगणं आहे. गायकाची गिटार लीडएवढी, म्हणजे मुख्य गिटारएवढी वर नको, कुणी मागतही नाही. आवाजाच्या खाली, बेसच्या वर, सतरंजी अंथरावी तशी ठेवा. आधी तपासून घ्या, सुरात नसेल तर तोंडावर सांगा, वाजू नको म्हणा. ते चालेल. पण न सांगता बंद करू नका. माणूस वाजवत राहतो आणि त्याला माहीत नसतं, हे फार वाईट आहे.

आणि कमेंट करणाऱ्या मित्रांनो, तुम्ही मला रोज नाक्यावर भेटता. आपण पहिली कॉर्ड वाजवली तेव्हा ती कशी वाजली होती, आठवून बघा.

ती मुलगी काल पोवई नाक्यावर माझ्या दुकानात आली होती. माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, संध्याकाळी मागच्या खोलीत गिटार शिकवतो. आली ती वायर परत करायला. कार्यक्रमाच्या आधी माझ्याकडूनच नेली होती. "काका, आता नको. मी नुसती गाते," म्हणाली. मी तिला फेडरचं सांगितलं. तिला खरंच माहीत नव्हतं. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग विचारलं, "म्हणजे मी चुकले नव्हते?"

मी भिंतीवरची गिटार काढून दिली. तिनं कार्यक्रमातलं ते गाणं सुरुवातीपासून वाजवलं. बी फ्लॅटला एक तार अजून खरखरते, पहिलं बोट पट्टीच्या जरा जास्त जवळ सरकवलं की निघेल. बाकी ठेका पक्का होता, आणि गाताना तो कुठं ढळला नाही.

वायर मी परत घेतली नाही. एका टोकाच्या जॅकचं सोल्डरिंग थोडं सुटलं होतं, ते तिच्यासमोरच करून दिलं. पुढच्या महिन्यात त्यांचा पुन्हा कार्यक्रम आहे. पोरांशी बोललोय, त्या दिवशी साउंडच्या टेबलावर मी बसणार आहे. तिचा चॅनल सात नंबरचा.