कुलूप आणि वेळापत्रक

पावसाळा आला की महाराष्ट्रात एक वाद ठरलेला. एखाद्या गडावर किंवा धरणावर तुफान गर्दी होते, काहीतरी विपरीत घडतं आणि जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. मग एक बाजू म्हणते, महाराजांच्या गडावर जायला आम्हाला अडवणारे तुम्ही कोण? दुसरी म्हणते, तिकीट लावा, कुलूप घाला, त्याशिवाय लोक सुधारायचे नाहीत. जुलै २०२३ मध्ये लोहगडाच्या वाटेवर माणसं तासन्‌तास अडकून पडली होती. ते व्हिडिओ इंग्लंडात माझ्या फोनवरही येऊन थडकले आणि त्यांच्या मागोमाग नातेवाइकांचं नेहमीचं वाक्य आलं, ‘तुमच्याकडे बघा, सगळं कसं शिस्तीत!’

‘तुमच्याकडे’ म्हणजे इथल्या उमराव घराण्यांच्या जुन्या इस्टेटी. शंभर-सव्वाशे खोल्यांचं घर, भोवती बाग, तळं, हरणांचं रान. आणि शिस्तीचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये ब्लूबेलच्या निळ्या गालिच्यात फोटोसाठी लोळणारे गोरे मी भरपूर पाहिलेत. पानं तुडवली गेली की ती झाडं पुढची काही वर्षं नीट फुलत नाहीत. ही पाटी दर चार पावलांवर लावावी लागते, यातच काय ते आलं. फरक माणसांत नाही, वेळापत्रकात आहे.

पूर्वापार रिवाज असा की घर नोव्हेंबरात बंद होतं आणि मार्चमध्ये किंवा ईस्टरच्या सुमारास उघडतं. बाग त्याआधीच जागी होते. केंब्रिजजवळच्या अँगलसी ॲबी या इस्टेटीत फेब्रुवारीत स्नोड्रॉप्सची फुलं पाहायला झुंबड उडते, मार्चमध्ये डॅफोडिल्स, मग ब्लूबेल. हल्ली नाताळची रोषणाई दाखवायला बरीच घरं डिसेंबरातही उघडतात. पैसा कुणाला नको असतो! पण त्यानंतर दार लागतंच.

आणि दार लावून आत काय चालतं, हे दाखवायलाच काही ठिकाणी वसंताच्या तोंडावर वेगळी टूर ठेवतात. अशाच एका टूरवर मी एका बाईंना चित्राच्या सोनेरी चौकटीवरची धूळ काढताना पाहिलं. एका हातात मऊ केसांचा ब्रश, दुसऱ्या हातात व्हॅक्यूम क्लीनरची नळी. नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधलेली, म्हणजे मुलाम्याचा कपचा सुटलाच तर तो जाळीवर अडकेल, यंत्राच्या पोटात जाणार नाही. नळी चौकटीला टेकवायची नाही, ब्रशने धूळ तिच्याकडे ढकलायची. एका चौकटीला किती वेळ लागावा! ‘यातली बरीचशी तुमचीच,’ त्या हसून म्हणाल्या. पाहुण्यांच्या कपड्यांचे तंतू, बुटांची माती. खिडक्यांवर पडदे ओढलेले होते, कारण जुन्या रेशमावर पन्नास लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू द्यायचा नाही, असा दंडक आहे. उडालेला रंग परत येत नाही, म्हणून वर्षाकाठी किती उजेड परवडतो याचा हिशोब मांडून घर किती तास उघडायचं ते ठरवतात.

आपल्याकडचा मनाई आदेश बहुधा अपघातानंतर रातोरात येतो, आणि त्या बंदीच्या काळात गडावर कुणी काही काम करत असेल असं पाहणाऱ्याला वाटतही नाही. माझी तक्रार बंद ठेवण्याबद्दल नाही, अशा बंद ठेवण्याबद्दल आहे. दार कधी लागणार, का लागणार आणि कधी उघडणार, हे सहा महिने आधी कळलं तर तीच बंदी लोकांना जाचक वाटत नाही.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, त्यावर कुणी मोर्चा काढलेला ऐकिवात नाही. राष्ट्रपती भवनाची बाग दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास उघडते, लोक तारखेची वाट पाहतात. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत रोज तीन हजार माणसांची मर्यादा घातली, बुकिंग ऑनलाइन केलं, व्यवस्था आसपासच्या गावांच्या समितीकडे दिली. तिथे कुंपणही घातलं होतं. गुरं चरायची थांबली आणि फुलंच कमी झाली अशी ओरड झाल्यावर ते काढलं. चुकत-माकत का होईना, कासला हंगाम असतो हे आपण मान्य केलं. गडाच्या दगडालाही तो असतो, हे अजून गळी उतरत नाही.

अर्थात इथला हंगाम उचलून तिथे लावता येणार नाही. इथे थंडीत घर बंद करून आत काम करता येतं. गडाच्या डागडुजीचं काम चुन्याचं, ते भर पावसात होत नाही. म्हणजे पावसाळ्यातली बंदी गडाला पायांपासून विश्रांती देईल, दुरुस्ती मात्र नेमकी सहलींच्या दिवसांत, हिवाळ्या-उन्हाळ्यात करावी लागेल. एक बुरूज, एक तट असं तुकड्यातुकड्याने बंद ठेवून, आणि जमलं तर ते काम लोकांना दाखवून. गवंडी चुना कसा मळतो हे पाहायला मी तरी पैसे देईन.

इथल्या लोकांनी ही घरं काही उदात्त हेतूने उघडली नाहीत. लाँगलीट या इस्टेटीच्या मालकांनी १९४९ मध्ये तिकीट लावून घर दाखवायला सुरुवात केली, ती वारसा कराच्या, म्हणजे मालक वारल्यावर मालमत्तेवर बसणाऱ्या कराच्या ओझ्याखाली. चॅट्सवर्थ इस्टेटीचे मालक, दहावे ड्यूक, १९५० मध्ये वारले तेव्हा हा कर ८० टक्के होता. तो फेडताना त्या घराण्याला आपलं दुसरं जुनं घर, हार्डविक हॉल, सरकारला द्यावं लागलं. आजही चॅट्सवर्थचं घर आणि बाग पाहायला माणशी वीस पौंडांच्या वर मोजावे लागतात. चौघांचं कुटुंब दोनदा विचार करतं. ‘तिकीट लावा’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

आणि वेल्समधला पॉविस कॅसल. बागेत डॅफोडिल्स डोलताहेत, पोरं ईस्टरची अंडी शोधताहेत, आणि क्लाइव्ह घराण्याच्या संग्रहात १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हाती आलेला टिपूचा तंबू आहे. अशा जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२० मध्ये आपल्या ९३ वास्तूंचा वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध अहवालात मांडला तेव्हा केवढा गदारोळ झाला! आमच्या सहलीत राजकारण कशाला आणता, हा सूर ओळखीचा वाटला. आपल्याकडे २०१९ मध्ये गडांवर हॉटेलं काढण्याची बातमी फुटली तेव्हाचा संताप मला जास्त समजण्यासारखा वाटतो. महाराजांशी संबंधित किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला होता.

इथून उचलावा असा खरा सौदा वेगळाच आहे. महत्त्वाची वास्तू नीट राखा, ठरावीक दिवस लोकांना दाखवा, आम्ही वारसा करात सूट देतो, असं इथलं सरकार मालकाला सांगतं. आपल्याकडे तो कर १९८५ मध्येच गेला, पण घरपट्टी आहे, दुरुस्तीचं अनुदान देता येतं. पेठांमधले वाडे दर पावसाळ्यात ढासळताहेत, भाडेकरू-मालक कोर्टात आणि बिल्डर दारात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट पाहिल्यावर वाटतं, असे किती वाडे आपण फक्त बाहेरून पाहिलेत! वर्षात दहा दिवस दार उघडलं तरी पुष्कळ. इथे १९२७ मध्ये ६०९ खासगी बागा एक शिलिंग घेऊन उघडल्या होत्या, परिचारिकांच्या मदतनिधीसाठी. ती प्रथा अजून चालू आहे.

गडांचं मात्र असं मालकाशी बोलून भागणार नाही. पन्हाळ्यावर अख्खं गाव राहतं. जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्यासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा आपल्याला इथून हलवतील का, अशी धास्ती तिथल्या रहिवाशांना वाटत होती. प्रतापगडावर भवानीचं नवरात्र असतं, ते कुणी बंद ठेवू शकत नाही आणि ठेवूही नये. तेव्हा वेळापत्रक ठरवायला पुरातत्त्व खात्याबरोबर गडावर राहणारे, पुजारी, पायथ्याचे जेवण-चहावाले आणि शाळांच्या सहली नेणारे एका टेबलाशी बसायला हवेत. आणि ते जाहीर व्हावं जानेवारीत. जूनमध्ये निघालं तर तो पुन्हा आदेशच.