ब्लर किती आणि ब्लर कसा : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

मागच्या लेखात मी ५० मिमीच्या दोन लेन्सने काढलेल्या फोटोंची बॅकग्राउंड शेजारी शेजारी ठेवून दाखवली होती, आणि म्हटलं होतं की मागचं धूसर होणं, म्हणजे ब्लर, तेवढाच असला तरी तो दिसतो कसा हे लेन्सप्रमाणे बदलतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की हे सगळं दुकानदारांचं बोलणं आहे, ब्लर फक्त फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा), अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं तोंड) आणि अंतरावर ठरतो, शिवाय तो सॉफ्टवेअरमध्येही करता येतो. असले लेख वाचून बीड-लातूरकडची लग्नाची कामं करणारी पोरं कर्ज काढून लेन्स घेतात, असंही म्हणालात. ही शेवटची गोष्ट मनाला लागली, म्हणून सविस्तर लिहितो.

ब्लर किती, हे तुम्ही म्हणता त्या तीन गोष्टींवरच ठरतं. ५० मिमी, एफ १.८ म्हणजे ५० भागिले १.८, साधारण २८ मिमीचं तोंड. लेन्स कुठल्याही कंपनीची घ्या, कॅमेरा तोच आणि अंतर तेच असेल तर मागच्या दिव्याचा ठिपका जवळपास तेवढाच मोठा होणार. पण त्या ठिपक्याच्या आत उजेड कसा पसरतो, ते या तिन्हींत कुठे येतं? काचेच्या कडेतून आलेले किरण आणि मधून आलेले किरण एकाच जागी मिळतात की थोडे मागेपुढे, यावर ते ठरतं. याला स्फेरिकल अ‍ॅबरेशन म्हणतात. लेन्स बनवताना हा दोष गरजेपेक्षा जास्त दुरुस्त झाला, तर मागच्या ठिपक्याची कड उजळ आणि मध्य फिका होतो. थोडा शिल्लक राहू दिला, तर मध्य उजळ राहतो आणि कड विरत जाते.

दिव्यांच्या माळेत हे एक वेळ खपून जातं, फांद्यांत नाही. आणि आपल्याकडे गावाबाहेर फोटो काढायचा म्हणजे मागे बाभूळ आलीच. उन्हाळ्यातली विरळ बाभूळ, तिच्यामागे पांढरं आभाळ. उजळ कडेची लेन्स प्रत्येक काटकीच्या दोन-दोन रेघा करते आणि नवरीच्या डोक्यामागे नुसतं जाळं उभं राहतं. दुसरीत त्याच काटक्या एकमेकींत मिसळून जातात. ब्लर दोन्हीकडे तेवढाच.

मात्र जी लेन्स मागचं मऊ करते, ती पुढचं कडक करते. शाळूच्या ताटांमधून हुरडा भाजणाऱ्यांचा फोटो काढा, जवळची पानं टोचायला लागतील. निकॉनने १९९० मध्ये १३५ मिमीची डीसी (डिफोकस कंट्रोल) लेन्स आणली, तिच्यावर यासाठी वेगळी रिंगच दिली होती. मऊपणा पुढे हवा की मागे, ते फोटो काढणाऱ्याने ठरवायचं. मिनोल्टाची १९९९ ची १३५ मिमी एसटीएफ (स्मूथ ट्रान्स फोकस) तर मला थोरच वाटते. तिच्यात कडेकडे काळसर होत जाणारा फिल्टर आतच बसवलेला आहे. अ‍ॅपर्चर २.८, पण उजेड मिळतो ४.५ च्या तोंडाइतकाच. निम्म्याहून जास्त उजेड सोडून दिला, ऑटोफोकसही नाही, आणि हे सगळं ठिपक्याची कड विरावी एवढ्यासाठी. नुसत्या विक्रीसाठी असली लेन्स कोण बनवेल?

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर मुंडावळ्यांच्या सरी आणि सुटलेल्या बटा बघा. पुढचं काय, मागचं काय, हे ओळखताना ते नेमकं तिथेच अडखळतं.

आता कर्जाचं. बॅकग्राउंडचा मऊपणा किमतीबरोबर वाढत नाही. महाग लेन्समधल्या अ‍ॅस्फेरिकल (गोलाकार नसलेल्या वक्राच्या) काचांमुळेही कधी कधी ठिपक्यांत कांद्याच्या चकतीसारखी वलयं येतात. म्हणून पोरांना माझं सांगणं असं, की घेण्याआधी मित्राची लेन्स एक दिवस मागून आणा. माणूस दोन मीटरवर, बाभूळ त्याच्या मागे आठ-दहा मीटरवर. एक फोटो १.८ ला, एक २.८ ला. रात्री मांडवाच्या लायटिंगवर तेच करा. तोंड लहान-मोठं करणारी पाती पाचच असलेली लेन्स २.८ ला दिव्यांचे पंचकोन करते, आणि तोंड पूर्ण उघडं, म्हणजे फुल ओपन, ठेवलं की कोपऱ्यातले ठिपके लांबट होतात. आपल्या कामात हे खटकतं का, ते मोठ्या स्क्रीनवर स्वतःच बघा. खटकत नसेल तर आहे ती लेन्स बदलू नका.

तुम्हीही तुमच्या लेन्सने बाभळीचे असे दोन फोटो काढून पाठवा, सोबत मॉडेल आणि अंतर लिहा. पुढच्या लेखात माझ्या फोटोंशेजारी लावतो.