माणसाच्या आरआरएनएचं स्प्लायसिंग होत नाही: व्हायरल नोटला उत्तर

नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या नीटच्या मुलांच्या ग्रुपांवर सध्या एक नोट फिरतेय. तिचं म्हणणं: माणसाच्या पेशीत चारही आरआरएनए (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोझोमचे आरएनए) एकाच लांब धाग्यातून निघतात, त्यातले इंट्रॉन (मधले नको असलेले तुकडे) कापून एक्झॉन (ठेवायचे तुकडे) जोडतात, म्हणजे स्प्लायसिंग होतं, कापण्याचं काम स्नोआरएनए नावाचे छोटे आरएनए करतात आणि केंद्रकातल्या न्यूक्लिओलसमधून तयार रायबोझोम बाहेर पडतो.

पहिलं विधान तर बारावीच्या एनसीईआरटीनेच खोडलंय. चार आरआरएनएपैकी १८एस, ५.८एस आणि २८एस हे आरएनए पॉलिमरेज १ हे एन्झाइम बनवतं, ५एस मात्र पॉलिमरेज ३. म्हणजे धागा तिघांचाच.

खरी गडबड दुसऱ्या विधानात आहे. तो धागा, ४७एस, सुमारे १३,००० न्यूक्लिओटाइडचा. त्यातून निघणारे तिघे मिळून जेमतेम ७,१००. टोकांचे आणि मधले स्पेसर, म्हणजे रायबोझोमात न जाणारे भाग, एन्झाइम कापतात, मग एक्झोसोमसारखी यंत्रणा ते तुकडे कुरतडून संपवते. उरलेलं पुन्हा जोडलं जात नाही. ५.८एस आणि २८एस शेवटपर्यंत दोन वेगळे रेणूच राहतात, फक्त बेसच्या जोड्यांनी एकमेकांना धरून. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतल्या मुलांना एका वाक्यात कळेल: हे कलम नव्हे, छाटणी आहे. गोंधळाचं मूळ बहुधा टेट्राहायमेना या जीवात असावं. १९८२ मध्ये थॉमस चेक यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की त्याच्या आरआरएनएतला इंट्रॉन स्वतःच स्वतःला कापून टोकं जोडतो. १९८९ चं नोबेल त्यातूनच आलं. पण तो एकपेशीय जीव. माणसाच्या या जनुकांत तसा इंट्रॉन नाही.

स्नोआरएनए कात्री नाहीत, बहुतेक तर वाटाडे आहेत. कुठल्या न्यूक्लिओटाइडवर मिथाइल गट बसवायचा, कुठल्या युरिडिनचं स्यूडोयुरिडिन करायचं, ते दाखवतात. माणसात अशा जागा दोनशेच्या घरात. यू३, यू८ सारखे काही कापणीसाठी लागतात हे खरं, पण घाव प्रथिन-एन्झाइमचाच. अपवाद आरनेज एमआरपीचा: त्यातला आरएनए नुसता वाटाड्या नाही, कापण्याचं काम तो स्वतःच करतो.

राहिला 'तयार रायबोझोम'. लहान आणि मोठा उपघटक केंद्रकाबाहेर वेगवेगळे पडतात. १८एसच्या ३' टोकाची शेवटची कापणी नॉब१ हे एन्झाइम पेशीद्रव्यात करतं, आणि दोन्ही उपघटक एमआरएनएवर भाषांतर (म्हणजे प्रथिन बनवणं) सुरू होतानाच एकत्र येतात. नोटेतल्या चित्रात मात्र अख्खा रायबोझोम न्यूक्लिओलसच्या आतच काढलाय.