खंडोबाचं नवरात्र आणि माझा रविवार: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही लिहिलंत की खंडोबाच्या नवरात्रातले सगळे उपास न करता रविवारी लॅपटॉप बंद ठेवायचा हा धर्म नाही, नुसता आराम आहे, आमच्या आईने घर सांभाळून आयुष्यभर सगळं केलं. वाचून वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मागच्या मार्गशीर्षात प्रतिपदेला घट बसवले, अखंड दिवा, मी एकवेळ जेवत होते आणि नेमकी ऑफिसात ऑडिटची घाई, रात्री अकरापर्यंत काम, मग दिव्यात तेल घालून झोपायचं नि पहाटे परत पूजा. पाचव्या दिवशी पूजेतच डोळ्यांपुढे अंधारी आली, हात लागून समई लवंडली, पडदा पेटता पेटता वाचला. सासूबाईच म्हणाल्या, पुढच्या वर्षी दिवा मी बघेन, तू फक्त षष्ठीचा उपास धर. म्हणजे ही माझ्या मनाची पळवाट नाहीये हो.

आणि रविवार तर खंडोबाचाच वार ना? आपल्या इंदूरला राजवाड्यात होळकरांचा मल्हारी मार्तंड आहे, हे मी तुम्हाला काय सांगावं. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची छुट्टीच नव्हती तेव्हा कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी रविवार मागितला, आणि तो खंडोबाचा वार आहे हेही एक कारण दिलं. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहाएक हजार कामगार जमले, दोन कामगार बायकासुद्धा बोलल्या, आणि १० जूनला छुट्टी मिळाली. थकलेल्या माणसांनी देवाच्या नावानंच विसावा मागितला होता काका, मग मी त्या दिवशी लॅपटॉप मिटून राजवाड्यात दर्शनाला गेले, घरी येऊन दुपारी दोन तास झोपले, तर देव का रागावेल?

एक मात्र पटलं, नुसतं मोबाईल बंद करून लोळत पडलं तर त्याला व्रत म्हणता येणार नाही. म्हणून दर्शनाचा नेम मी चुकवत नाही.

तुमच्या आईंबद्दल मला आदरच आहे. माझी आजीही चंपाषष्ठीला पंचवीस-तीस माणसांचं भरीत-रोडगे करायची आणि स्वतः पाटावर बसेपर्यंत चार वाजायचे, आणि दमलीस का गं असं आम्ही कोणी एकदाही विचारलं नाही, ते मला आता फार लागतं. तुमच्या आईंना कोणी विचारायचं का? टोचायला नाही म्हणत, खरंच सांगा.

यंदा षष्ठीला तळी भरायला या घरी. रोडगे आमचे हे भाजणार आहेत.