निपाणीच्या वाचकांना उत्तर: रंग उडाला तो माझ्यामुळेच

नमस्कार सर,

लाटेकमध्ये (आज्ञा लिहून मजकूर आणि आलेख मांडायची संगणक प्रणाली) पावसाचा आलेख काढताना नुसत्या रंगांवर विसंबू नका, तुटक रेघा आणि वेगळ्या खुणा वापरा, असं मी लिहिलं, त्यावर तुमचे चार आक्षेप आहेत. तुटक रेघेसाठी 'डॅश्ड' लिहिल्याबरोबर रेघेचा रंग आणि बिंदूंवरच्या खुणा दोन्ही गेले. सरासरीची रेघ घातली तर लेजंडमधली, म्हणजे कुठली रेघ कशाची हे सांगणाऱ्या चौकटीतली, नावं सरकली. मला रंगांचं उगाच वावडं आहे. आणि हे सगळं एक्सेलमध्ये दोन मिनिटांत होतं.

पहिलं एकदम कबूल. पीजीएफप्लॉट्समध्ये, म्हणजे लाटेकच्या आलेख काढायच्या पॅकेजमध्ये, रेघ काढायची आज्ञा नुसती 'अ‍ॅडप्लॉट' अशी लिहून चौकोनी कंसात काही दिलं, की रंग आणि खुणांची तयार यादी बाजूला पडते आणि कंसात असेल तेवढंच लागू होतं. कंसात फक्त 'डॅश्ड' असेल तर काळी तुटक रेघ मिळणार. 'अ‍ॅडप्लॉट'ला चिकटून अधिकचं चिन्ह दिलं तर यादीतलं राहतं आणि त्यावर तुमचं चढतं. ते चिन्हच माझ्याकडून सुटलं होतं, आता घातलंय. एक सांगायचं राहिलं: रेघेबरोबर खुणांच्या कडाही तुटक होतात, चौकोन तर उंदरानं कुरतडल्यासारखा दिसतो. 'मार्क ऑप्शन्स'मध्ये 'सॉलिड' लिहा, कडा सरळ होतील.

नावांचं सोपं आहे. 'लेजंड एन्ट्रीज'मध्ये दिलेली नावं रेघांना क्रमानं वाटली जातात. तुम्ही सरासरीची रेघ आधी काढली असणार, म्हणून पहिल्या तालुक्याचं नाव 'खानापूर' तिला गेलं आणि शेवटचं रायबाग बिननावाचं राहिलं. त्या रेघेला 'फर्गेट प्लॉट' द्या, लेजंड तिला मोजणार नाही.

रंगांबाबत मात्र मी मागे हटणार नाही. ओळखीच्या एका मुलीचा प्रबंध होता, चार तालुक्यांचा महिनावार पाऊस. पडद्यावर लाल, निळी, हिरवी, नारिंगी, बघत राहावं असा आलेख. बाहेरच्या परीक्षकांसाठीची प्रत बेळगावात झेरॉक्स काढून गेली आणि चारही रेघा राखाडी झाल्या. खानापूरची कुठली ते कुणीही सांगेल ओ, जुलैत सगळ्यात उंच जाते ती. बेळगाव तिच्याखाली. पण अथणी आणि रायबाग, दोन्ही कमी पावसाचे भाग, रेघा एकमेकींत गुंतलेल्या! तोंडी परीक्षेत तिनं अथणीवर बोट ठेवून रायबाग सांगितलं. बिचारीनं स्वतः गोळा केलेली आकडेवारी होती ती.

म्हणून तुटक रेघा आणि वेगळ्या खुणा. पण त्यातही एक गोम आहे, ती मलाही उशिरा कळली. लेजंडमधला रेघेचा नमुना मुळात 0.6 सेंटीमीटर असतो, म्हणजे छपाईच्या मापात जेमतेम 17 पॉइंट. 'डॅश्ड'मध्ये 3 पॉइंट रेघ, 3 पॉइंट फट. 'लूजली डॅश्ड' या विरळ तुटक रेघेत फट 6 पॉइंटची. एवढ्याशा जागेत पहिलीचे तीन तुकडे बसतात, दुसरीचे दोन, आणि मधोमध खूण येऊन बसते. कोण ओळखणार? आलेखात दोन्ही छान वेगळ्या, लेजंडमध्ये जुळ्या बहिणी. 'लेजंड इमेज कोड' बदलून नमुना सव्वा सेंटीमीटर करता येतो. शिवाय अथणीला पोकळ गोल आणि रायबागला भरीव त्रिकोण द्या. तुटकपणावर सगळा भार टाकू नका.

खरं तर चारच रेघा असतील तर मी हल्ली लेजंड काढतच नाही. 'अ‍ॅडप्लॉट'च्या शेवटी, अर्धविरामाच्या आधी 'नोड' घालून नाव रेघेवरच लिहितो. गुंतलेल्या दोघींची नावं मात्र जिथं त्या जरा फाकतात त्या महिन्यावर ठेवायची, नाहीतर नावंही एकमेकांवर चढतात. नावं मराठीत किंवा कन्नडमध्ये हवी असतील तर साध्या लाटेकऐवजी झीलाटेक किंवा लुआलाटेक या त्याच्या प्रकारांनी चालवा आणि त्या लिपीचा फॉन्ट द्या. आपल्याकडे दोन्ही मागणारे मार्गदर्शक भेटतात.

आणि एक्सेल? वापरा की ओ, कोण नको म्हणतंय. फक्त तिथलाही रंगीत आलेख झेरॉक्सवाल्याकडून राखाडीच होऊन येतो.