धरलं किती वाजता?

परवा गंजगोलाईजवळच्या टपरीवर बालाजीनं विषय काढला. त्याच्या मावसभावाला शनिवारी रात्री नाकाबंदीत धरलं. मशीनमध्ये फुंक मारायला लावली, आकडा वर गेला, उचलला. मेडिकलला नेलं ते पहाटं.

"मग काय झालं? पिऊन गाडी चालवायला कुणी सांगितलं होतं?" मारुती भडकला. त्याच्या चुलत्याला असल्याच एका बेवड्यानं उडवलंय, म्हणून या विषयावर मी त्याच्याशी जरा बेतानंच बोलतो.

गोविंद लॉच्या शेवटच्या वर्षाला. तो गप्प बसतोय व्हय! "मोटार वाहन कायदा, कलम 202. दारूच्या गुन्ह्यात अटक केली की दोन तासांत डॉक्टरची तपासणी. नाही झाली तर कोठडीतून सोडावं लागतं."

"म्हंजी डॉक्टर उशिरा भेटला की बेवडा मोकळा?"

"कोठडीतून मोकळा. केस ऱ्हाते. अरे, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर दारू असली तर गुन्हा. पहाटंपर्यंत ती उतरती. उशीर झाला तर फायदा पिणाऱ्याचाच की."

मारुती चहा ढवळत बसला. त्यात ढवळण्यासारखं काही नव्हतं.

अस्लम वीस वर्षांपासून औशाच्या रोडला काळीपिवळी चालवतोय. "रस्त्यावर कलम सांगितलं की साहेब म्हणतेत, लई शिकलास का? मी नाव-पत्ता सांगतो, मोबाईलमधलं डिजिलॉकरचं लायसन दाखवतो अन् गप."

"नाव-पत्ता सांगितलास तेच बरं. नाही म्हणलास तर त्याच कलमात आत घालता येतंय."

मला अस्लमचंच पटतं. रस्त्यावर वाद नको. पण अटक झाली की मात्र तोंड उघडावं: कशासाठी धरलं, घरी कळवा, वकील बोलवा. 24 तासांत कोर्टापुढं उभं करावंच लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या प्रकरणात तर सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितलंय, अटकेचं कारण लेखी द्या, त्या माणसाला कळेल त्या भाषेत.

"मग मला दख्खनीत लिहून देतेत का?" अस्लम.

सगळे हसले. गोविंद नाही. "बालाजी, तुझ्या भावाला धरलं किती वाजता? दोन तास तिथून मोजायचेत."

बालाजीनं फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"टाइम? कसा बघू? घड्याळ अन् मोबाईल तर झडतीतच काढून घेतलं ना!"