डेबियनची पॅकेजेस जुनी म्हणून असुरक्षित? जरा चेंजलॉग (बदलांची नोंद) वाचा

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की सर्व्हरवर डेबियन स्टेबल (डेबियन या लिनक्स सिस्टिमची स्थिर आवृत्ती) टाकू नका, त्यातली पॅकेजेस, म्हणजे तयार सॉफ्टवेअर, जुनी म्हणून असुरक्षित, ती बनवणारे सगळे फुकट काम करणारे म्हणून जबाबदार कुणीच नाही, आणि अपग्रेड मारलं की कॉन्फिग, म्हणजे आपल्या सेटिंगच्या फाइली, उडालीच समजा. ऐकायला पटतं, म्हणून तर लोक पुढे ढकलतात.

आधी "जुनी" घेऊ. स्टेबलमध्ये व्हर्जन गोठवतात पण सिक्युरिटीचे फिक्स मागच्या व्हर्जनमध्ये आणून बसवतात, याला बॅकपोर्ट म्हणतात. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधली (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) रिग्रेशन नावाची मोठी भानगड बाहेर आली, मूळ प्रोजेक्टने ९.८पी१ काढलं आणि डेबियन १२ ने त्याच दिवशी तोच फिक्स ९.२पी१ मध्ये घालून ९.२पी१-२+डेब१२यू३ सोडलं. आता सुरक्षा तपासणारा स्कॅनर बघतो फक्त ९.२ आणि लाल रिपोर्ट छापतो, ऑडिटवाले तो घेऊन येतात, शेवटचं यू३, म्हणजे डेबियनने केलेल्या दुरुस्तीचा आकडा, कुणी वाचतच नाही. गंमत म्हणजे त्याहून जुन्या डेबियन ११ मधल्या ८.४ ला हा बग लागूच नव्हता, कारण तो ८.५ मध्ये शिरला होता! आणि त्याच वर्षी मार्चमध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकडोर (मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा) सापडला तो ५.६.० आणि ५.६.१ मध्ये, म्हणजे एकदम ताज्या मालात. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या चाचणीच्या आवृत्त्यांमध्ये तो पोचला होता, स्टेबलमध्ये ५.४.१ होतं म्हणून वाचलं.

फुकटे म्हणून बेजबाबदार, यावर फार वेळ घालवत नाही. २००६ मध्ये डेबियनच्याच पॅचमुळे ओपनएसएसएल हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर अंदाज बांधता येतील अशा किल्ल्या (कीज) बनवायला लागलं आणि ते २००८ पर्यंत कळलं नाही, ही चूक छोटी नव्हती, ती कुणी झाकूही नये. पण प्रत्येक बदलाखाली नाव असतं, बग उघड्यावर असतात, मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा) गायब झाला तर दुसरा डेव्हलपर अपलोड करू शकतो, आणि गंभीर बग तसाच पडून राहिला तर पॅकेज टेस्टिंगमधून बाहेर काढलं जातं. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये यातलं किती दिसतं हो तुम्हाला? शिवाय नेहमीच्या तीन वर्षांनंतरच्या एलटीएससाठी (पुढच्या काळातल्या सिक्युरिटी अपडेटसाठी) कंपन्या पैसे देतात, त्यामुळे "सगळे फुकट" हेही अर्धंच खरं.

आता कॉन्फिग, इथे मेसेज साफ खोटा आहे. इटीसी या कॉन्फिगच्या फोल्डरमधल्या फाइलला तुम्ही हात लावला नसेल तर डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) गुपचूप नवी टाकतो, तुम्ही बदललीय पण मेंटेनरने नाही तर तुमचीच ठेवतो, दोघांनीही बदलली तरच विचारतो, आणि नुसतं एंटर मारलं तरी तुमचीच राहते, नवी शेजारी डॉट डीपीकेजी-डिस्ट नावाने पडते. डी दाबला की फरकही दाखवतो. स्थानिक बदल जपलेच पाहिजेत हे डेबियन पॉलिसीतच लिहिलंय. लोकांची कॉन्फिग उडते ती बहुतेक न वाचता वाय (म्हणजे हो, नवी टाक) दाबल्यामुळे, आणि तेव्हाही जुनी डॉट डीपीकेजी-ओल्ड म्हणून तिथेच असते. त्यापेक्षा, उदाहरणार्थ ओपनएसएसएचचे, आपले बदल एसएसएचडी_कॉन्फिग डॉट डी या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत ठेवा, मुख्य फाइलीला हातच लावू नका, म्हणजे तो प्रश्न सहसा येणारच नाही.

हां, नवाकोरा लॅपटॉप घेतलात आणि वायफाय चालेना, तर ती तक्रार खरी, त्यासाठी बॅकपोर्ट्स या डेबियनच्या वेगळ्या भांडारातला नवा कर्नल (हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा) टाका.